इंग्रजीत नुसतं कोणी चालत नाही

भारंबे सरांचे उच्चार कानावर पडले असते तर इंग्रज सत्तेचाळीसच्या बरेच आधी बोटीत बसले असते, असं मी नववीत असताना म्हणायचो आणि वर्ग हसायचा. सर यावलकडचे, केळीच्या बागेत वाढलेले. त्यांचं इंग्रजीसुद्धा तापीचं पाणी पिऊन आलेलं होतं. 'स्ट्रोल'ला ते 'इश्ट्रोल' म्हणायचे, 'ग्लान्स'ला 'गलान्स'. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पहिल्याच तासाला त्यांनी सांगून टाकलं, उच्चार रेडिओवरून घ्या, स्पेलिंग पुस्तकातून घ्या, माझ्याकडून फक्त अर्थ घ्या. आमच्या दुकानात तेवढा एकच माल चोख मिळतो.

आमची शाळा धुळ्यात, पांझरेपलीकडे देवपूरला. नववी 'ब'चा वर्ग वरच्या मजल्यावर होता आणि त्याला रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खिडकी होती. पुलावरून येणारा माणूस आधी आमच्या खिडकीत यायचा, मग देवपुरात. बाकीचे सर आल्याबरोबर ती खिडकी लावून घ्यायचे, कारण आम्ही बाहेर बघायचो. भारंबे सर आल्याबरोबर ती उघडायचे आणि आम्ही बाहेर बघितलं नाही तर रागवायचे.

त्यांचं म्हणणं असं होतं की इंग्रजीत नुसतं कोणी चालत नाही. आपण मराठीत 'चालतो' म्हटलं की भागतं. हमाल चालतो, नवरदेव चालतो, दारुडा चालतो. इंग्रजीत प्रत्येकाला त्याच्या मापाचा वेगळा शब्द शिवलेला आहे. "नुसता 'वॉक' म्हणजे कळण्याच्या पिठाची कोरडी भाकरी," सर म्हणायचे. "खाल्ली तर पोट भरतं. पण भरीत कुठे आहे?" आणि मग ते खिडकीत उभे राहून भरीत वाढायला लागायचे. कापसाची गाठ पाठीवर घेतलेला हमाल पाय ओढत चाललाय, तो 'ट्रज'. कापडवाले शेठजी जेवण झाल्यावर दोन्ही हात पाठीशी बांधून, दुकानांच्या पाट्या वाचत फिरतात, तो 'स्ट्रोल'. घंटा झाल्यावर फाटकातून पळत सुटलेली पाचवीची पोरं म्हणजे 'स्कॅम्पर'. दुपारीच टाकून आलेला एक गडी पुलाचा कठडा धरधरून यायचा, तो 'स्टॅगर'. आम्ही त्याची वाट बघायचो. तो आला नाही तर आमची उजळणी राहायची.

ते शेठजी म्हणजे आमच्याच वर्गातल्या चंदाचे वडील. राजस्थानातून त्यांचे आजोबा आलेले, पेठेत कापडाचं दुकान. चंदा वर्गात कधी तोंड उघडायची नाही. वडलांचं चालणं फळ्यावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता ही रडणार. ती दुसऱ्या दिवशी सांगत आली की घरी सगळ्यांना आवडलं, आता तिची आईच वडलांना म्हणते, जेवण झालं ना, जा, स्ट्रोल करके आओ.

उत्तर चुकलं की सर चूक म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "हा दुसऱ्याचा शब्द उचललास. जा, परत देऊन ये." मग त्या पोराला खिडकीत जाऊन, हा शब्द कुणाचा आहे तो माणूस रस्त्यावर शोधावा लागायचा. सापडेपर्यंत बसायचं नाही. एकदा एक जण 'लिम्प'चा मालक शोधत उरलेला सगळा तास उभा होता, कारण त्या दिवशी देवपुरात एकही लंगडा माणूस घराबाहेर पडला नाही. शेवटी एक कुत्रं आलं. सरांनी कुत्रं चालवून घेतलं.

हेडसर मात्र खिडकीतून दिसायची गरज नव्हती, ते व्हरांड्यातून ऐकू यायचे. किल्ल्यांचा जुडगा कमरेला, छाती हातभर पुढे, हनुवटी वर, आणि चालताना उजव्या-डाव्या बाजूच्या भिंतींकडे अशी नजर टाकायचे की भिंतींनी उठून नमस्ते म्हणावं. असेच एकदा ते मैदानातून चालले होते आणि आम्ही सगळे खिडकीत होतो. भारंबे सर आमच्याकडे पाठ करून फळ्याकडे वळले, कोपऱ्यात 'स्ट्रट' लिहिलं आणि म्हणाले, याचं उदाहरण मी देणार नाही, देवानं डोळे दिलेले आहेत. आम्ही कुणीच अर्थ विचारला नाही. उदाहरण जिन्यात पोचलं होतं.

या सगळ्यात माझी सोय चांगली झाली होती. मला नकला यायच्या. बाकी काही यायचं नाही. दुसऱ्या सरांच्या तासाला मी नकलेपायी बाहेर उभा असायचो, भारंबे सरांच्या तासाला नकलेसाठी टेबलापुढे. ते मला नकल्या म्हणायचे आणि फळ्याच्या डस्टरसारखे वापरायचे. नकल्या, जरा ट्रज आण. नकल्या, इश्ट्रोल काढ. मी चालायचो, वर्ग शब्द ओळखायचा.

चालणं संपलं की खाणं. सरांच्या घरून, यावलहून, एसटीच्या टपावर टाकून केळीचा घड यायचा. तो एकदा त्यांनी वर्गात आणला, प्रत्येकाच्या हातात केळं दिलं आणि प्रत्येकाला एकेक शब्द वाटला. कुणी उंदरासारखं कुरतडत खायचं, ते 'निबल'. कुणी दोन घासांत संपवायचं, ते 'गॉबल', त्याला सगळ्यांनी हात वर केले. माझ्या वाट्याला 'क्रंच' आला. कडाकडा चावून आवाज काढायचा. मी नाना प्रकार केले, दात वाजवले, शेवटी सालासकट चावलं, पण पिकल्या केळ्यातून आवाज कुठून यायचा? वर्ग लोळला. सर शांतपणे म्हणाले, निघत नाही ना आवाज? मग क्रंच कळलं तुला. जे होत नाही त्याच्यावरनं पण अर्थ कळतो. दुसऱ्या दिवशी ते केळीचे वेफर्स घेऊन आले आणि सगळी नववी 'ब' असा क्रंच करत बसली की खालच्या वर्गातून निरोप आला.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची गोष्ट. तासाला पाच-दहा मिनिटं उरली होती. सर खुशीत होते. म्हणाले, नकल्या, आज माझं चालणं कर. बघू दे मला कोणता शब्द बसतो.

मी केलं. खिशात खडू, शर्टाचा खिसा पांढरा झालेला, एका हातात न चालवता नुसतीच धरलेली सायकल. सर सायकलवर कधी बसायचे नाहीत, तिच्यावरून माणसांची चाल नीट बघता येत नाही म्हणायचे. मी वर्गात दोन फेऱ्या मारल्या. पोरांनी शब्द फेकायला सुरुवात केली. एक म्हणाला लिम्प. दुसरा म्हणाला, नाही, पाय तर सरळ पडताहेत. तिसऱ्यानं ट्रज म्हणून बघितलं. एरवी सरांनी सगळ्यांना शब्द परत करायला खिडकीत धाडलं असतं. त्या दिवशी नाही धाडलं. मला थांबवलं आणि विचारलं, "डावा खांदा का पाडलास?"

मी म्हटलं, सर, तुम्ही पाडता. दिवाळीपासून.

सर टेबलाच्या कडेला टेकले. खांद्यावर हात नेला, चाचपून बघितला, जसा काही तो दुसऱ्याचाच होता. मग त्यांनी सांगितलं की गावाकडे त्यांच्या वडलांना लकवा मारला होता. उजवी बाजू गेली होती. धुळ्यात व्यायाम करून घेणारे एक डॉक्टर होते, म्हणून सरांनी त्यांना देवपुरात आणून ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ सर त्यांच्या उजव्या अंगाला उभे राहायचे, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घ्यायचे आणि शाळेच्या मैदानावर त्यांना चालवायचे. डॉक्टर म्हणत होते, वर्षभर नेमानं केलं तर माणूस स्वतःच्या पायांवर घरी जाईल. मध्ये खंड पडला तर खुर्चीत.

"या चालण्याला शब्द नाही माझ्याकडे," सर म्हणाले. "असेल, तर शोधू." आणि त्यांनी हजेरी घ्यायला सुरुवात केली, जी आधीच घेऊन झालेली होती.

त्या संध्याकाळपासून आमच्यातले दोघं-तिघं शाळेच्या मैदानावर जायला लागलो. कुणी बोलावलं नव्हतं. आबा, म्हणजे सरांचे वडील, अंगानं मोठे, मिशीवाले आणि जिभेनं शाबूत. त्यांची बोली यावलकडची, आमच्या घरात अहिराणी, त्यामुळे आम्ही एकमेकांना हसायचो आणि सगळं समजायचं. मी सवयीनं त्यांच्या मागे त्यांच्यासारखा चालायला लागलो. सरांनी डोळे वटारले. आबांनी मान वळवून बघितलं.

"ए पोट्ट्या, मी असा दिसून राह्यलो?"

मी म्हटलं, "हा आबा. तुमना पाय आठे अडकस," आणि घोट्याकडे दाखवलं.

त्यांनी माझ्या घोट्याकडे बघितलं. म्हणाले, पुन्हा चाल. मी पुन्हा चाललो. मग ते स्वतः चालले आणि अडकतं तिथे अडकण्याआधी सावध झाले. त्यानंतर रोजचाच नेम झाला, आधी मी त्यांच्यासारखा चालून दाखवायचो, मग ते माझ्यापेक्षा जरा बरं चालायचे. आरसा आला का, असं ते मला बघून विचारायचे.

सर काय, मैदानावरही सरच. बापाला पण त्यांनी शब्द शिकवले. पाय जमिनीवर घासत पुढे सरकवायचा, ते 'शफल'. तोल सावरत, थबकत टाकायचा, ते 'हॉबल'. आबांना ते भारी आवडले. शेजारी तब्येत विचारायला आले की सांगायचे, संक्रांतीपर्यंत शफल व्हतं, आता हॉबल हाये. शेजाऱ्यांना वाटायचं गोळ्या बदलल्या.

आणि नेमकं तेव्हाच बदलीचं निघालं. संस्थेनं शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी नवी शाळा काढली होती. तिला इंग्रजीचा एक माणूस हवा होता. आमच्याकडे इंग्रजीचे सर दोन. नाव हेडसरांनी द्यायचं होतं, आणि हेडसरांना भारंबे सरांची खिडकी पहिल्यापासून खुपत होती. त्यांच्या मते हे शिकवणं नव्हतं, तमाशा होता. खालच्या वर्गात आवाज जातो, पोरं बाहेर बघतात, वर्गात केळी खातात. सरांनी जाऊन घरची अडचण सांगितली. हेडसर म्हणाले की खात्याचे साहेब तपासणीला येताहेत, ते वर्ग बघतील, ज्याचा वर्ग कच्चा निघेल त्याचं नाव जाईल, माझ्या हातात काही नाही. शाळेचे शिपाई देविदासभाऊ चहा घेऊन तेव्हा आतच होते. त्यांनी येऊन आम्हाला सांगितलं, "बठ्ठं त्या तपासणीवर शे. सरना नंबर लागी जाई असं वाटस." म्हणजे सगळं तपासणीवर होतं आणि बदलीत सरांचंच नाव जायची चिन्हं होती.

पायथ्याच्या गावात डॉक्टर कुठला.  त्या संध्याकाळी मैदानावर आबा चालता चालता सरांना म्हणाले की तू जाय, मी घरी जातो, बागेत खाट टाकून पडतो. सर म्हणाले, आबा, आधी ही फेरी पुरी करा.

आम्ही तपासणीची तयारी अशी केली की आयुष्यात कधी केली नव्हती. धडे पाठ, कविता पाठ, काळ पाठ. पोरांनी केस कापले. सरांना आम्ही म्हटलं, सर, त्या दिवशी खिडकी लावून घेऊ. सर म्हणाले, लावा. पहिल्यांदाच ते असं म्हणाले आणि आम्हाला ते बरं वाटलं नाही.

साहेब आले. चष्मा, सफारी, बारीक अंग. मागोमाग किल्ल्या वाजवत हेडसर. सरांनी धडा शिकवला, पुस्तकातला, पुस्तकातल्यासारखा. साहेब जांभई दाबत वर्गात फिरत होते. फिरता फिरता त्यांना फळ्याचा कोपरा दिसला. चालण्याचे शब्द तिथे कायमचेच लिहिलेले असायचे, ते पुसायचे राहून गेले होते. साहेबांनी एकेक वाचलं. ट्रज विचारलं, पोरांनी सांगितलं. स्ट्रोल विचारलं, सांगितलं. साहेबांची जांभई गेली. मग त्यांनी बोट ठेवलं आणि विचारलं, स्ट्रट म्हणजे काय?



माहीत सगळ्यांना होतं. सगळ्यांना एकाच माणसाच्या नावानं माहीत होतं आणि तो माणूस साहेबांच्या शेजारी उभा होता. दुसरा अर्थ आम्ही कधी शोधलाच नव्हता. साहेबांनी पुढच्या बाकाला विचारलं. पुढचा बाक खाली बघायला लागला. त्यांनी मागे विचारलं. मागच्यांनी पुढच्यांकडे बघितलं. हेडसर पुढे होऊन म्हणाले, सांगा, सांगा, घाबरता कशाला, आणि मग सरांकडे वळून मान हलवली. ती मान कुठल्या गावाला चालली होती ते आम्हाला दिसत होतं. सर खडू हातात धरून उभे होते. त्यांनी आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कुणाला सांग म्हणायचं नको म्हणून.

साहेबांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी उभा राहिलो. देवपुरातला नंबर एकचा नकल्या मी, गणपतीत टाळ्या घेतलेला, पण खुद्द मूळ प्रत समोर उभी होती. मी बसलो.

तेव्हा मुलींच्या बाजूनं चंदा उठली. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती टेबलापुढे आली, दोन वेण्या, निळा स्कर्ट.  कंपासपेटी कमरेला धरून खुळखुळवली. छाती पुढे. हनुवटी वर. आणि फळ्यापासून दारापर्यंत अशी गेली, उजव्या भिंतीकडे नजर, डाव्या भिंतीकडे नजर, की मला वाटलं भिंती आता खरंच उठतात. दारात जाऊन वळली, तशीच परत आली, आणि जागेवर बसली. मी वर्षभर ते चालणं करत होतो. तिच्यासारखं मला एकदाही जमलं नव्हतं.

साहेबांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले. मग त्यांना आवरेना, रुमाल काढून डोळे पुसायला लागले. आम्ही कुणी हसलो नाही. आम्ही हेडसरांकडे बघत होतो. हेडसर चंदाकडे बघत होते. कपाळावर आठी पडली, विचार चाललेला दिसला, आणि मग एकदम चेहरा उजळला. ते साहेबांच्या कानाशी वाकले. कानात बोलायची त्यांना सवय नव्हती, सगळ्या वर्गानं ऐकलं.

"आमच्या संस्थेचे चेअरमन," ते म्हणाले. "अगदी हुबेहूब. किल्ल्यांसकट."

आणि असे हसले, असे हसले, की किल्ल्यासुद्धा हसल्या. साहेबांनी त्यांच्याकडे बघितलं. चंदाकडे बघितलं. पुन्हा त्यांच्याकडे. म्हणाले, हो, हो, दिसतंच आहे. शेऱ्यात त्यांनी काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही, पण जाताना त्यांनी सरांचा हात हातात घेऊन हलवला आणि म्हणाले, खिडकी का बंद आहे, उकडतंय.

हेडसर पुढचे आठ दिवस स्टाफरूममध्ये ती गोष्ट सांगत होते. भारंबेंनी पोरांना काय तयार केलंय, चेअरमन जसेच्या तसे उभे केले. चेअरमन आणि त्यांचं फारसं पटायचं नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं. पायथ्याच्या शाळेला दुसरे इंग्रजीचे सर गेले. त्यांचं गाव तिकडेच होतं, ते पेढे वाटून गेले.

तपासणीनंतरच्या तासाला सर आले, खिडकी उघडली, आणि चंदाला म्हणाले, "चालणं बरोबर होतं. पत्ता चुकला, पण पत्र पोचलं." इतकंच. मग 'लाफ'चे शब्द घेतले. संध्याकाळी मैदानावर आबांनी चंदाची सगळी गोष्ट माझ्याकडून दोनदा करून घेतली. तिसऱ्यांदा ते स्वतःच छाती काढून दोन पावलं चालले, हात न धरता. सर धरायला पुढे झाले आणि मध्येच थांबले. आबांना स्वतःला कळलं नाही, आपण काय केलं. कळल्यावर ते खाली बसले आणि मिशीतल्या मिशीत कितीतरी वेळ हसत होते.

दहावीनंतर मी जळगावला मामाकडे आलो. आता शेतीच्या पाइपांची विक्री करतो, मोटरसायकलवरून यावल-रावेर फिरतो. गिऱ्हाइकांच्या नकला करतो, पाइप विकले जातात. गेल्या उन्हाळ्यात एका बागेच्या कडेनं चाललो होतो. शाळांना सुट्टी लागलेली. केळीच्या दोन ओळींमधून आबा येताना दिसले, काठी काखेत मारलेली, पाण्याच्या पाळीवरून कुणाला तरी मोठ्यानं बोलत. त्यांच्या मागून भारंबे सर, डोक्याला टॉवेल, एका हातात डबा, एका हातात कळशी, घामाघूम. मी गाडी थांबवून हाक मारली. आबांना ऐकू आलं नाही, किंवा आलं असेल. ते बांध ओलांडून पुढच्या ओळीत शिरले.

"काहून रे, दमला का?" आतून आबांचा आवाज आला.

सरांनी मला ओळखलं. चेहरा फुलला. डब्याच्या हातानं त्यांनी मला थांब अशी खूण केली, आणि आबांच्या मागे धावले. मी गाडी स्टँडला लावली, सावलीला थांबलो. केळीच्या पानांआडून दोघांचे आवाज येत होते, आधी जवळून, मग लांबून, मग पाटाच्या पाण्याचाच फक्त. परत काही ते आले नाहीत. आबांची फेरी अजून पुरी झाली नसावी.